तीस सप्टेंबरची पाच मुलं

राहनाळ,
१२ जुलै २०२५

ती. आत्यास,
सा. न.

फोन का करत नाहीस, असं तू दोनदा विचारलंस. कारणं दोन. तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि न ऐकलेल्याला तू ‘हो हो’ म्हणतेस. दुसरं, फोनवर बोललेलं नंतर नाकारता येतं. तुझ्याबद्दल नाही म्हणत, एकूणच. म्हणून पत्र.

बातमी अशी की मी अतिरिक्त ठरले. शाळेला माझी गरज नाही, असं सरकारच्या कागदावर आलं आहे. पद्धत तुला पाठ असणार, निवृत्त केंद्रप्रमुखाला मी काय सांगणार. तरी माझ्या समाधानासाठी लिहिते. तीस सप्टेंबरला पटावर जेवढी मुलं, त्यावरून शाळेला किती शिक्षक ते ठरतं. एकसष्ट असतील तर तीन, साठ असतील तर दोन. आमच्या शाळेचा गेल्या तीस सप्टेंबरचा आकडा एकोणसाठ निघाला. तिघांतल्या एकाने जायचं, आणि जायचं ते सगळ्यांत शेवटी आलेल्याने. मी मार्च २०२४ मध्ये आले. शिक्षण सेवक, म्हणजे तीन वर्षं कच्ची नोकरी. त्यातलं सव्वा वर्ष झालं. कोण कसं शिकवतं, हा रकाना त्या तक्त्यात नाही. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर येणाऱ्या कुटुंबांची मुलं दरवर्षी आमच्याकडे बसतात. तीही मोजत नाहीत, कारण ती तीस सप्टेंबरला इथे नसतात.

मुख्याध्यापक चिंतामणी सरांनी आदेश हातात दिला. म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका मॅडम. हे सरकारचं गणित. आपण काय करणार?” विनिता बाई म्हणाल्या, “तू तरुण आहेस गं, कुठेही रुजशील.” मी काय तुळस आहे, कुंडी बदलली की झालं?

माझा वर्ग चोवीस मुलांचा. गेल्या जूनमध्ये दुसरीत मिळाला तेव्हा त्यातल्या अकरा जणांना स्वतःचं नाव ओळखता येत नव्हतं. या मार्चमध्ये एकवीस जण उतारा वाचत होते. आता ती तिसरीत आहेत आणि मी त्यांच्याबरोबर वर आले. मला त्यांना चौथीच्या शेवटापर्यंत न्यायचं होतं. तिथपर्यंत वाचन पक्कं झालं की पुढे ती माझ्याशिवाय चालतील. अजून झालेलं नाही.

सरांना मी नको आहे, हे मला गेल्या ऑगस्टपासून माहीत आहे. साहेब तपासणीला आले होते. पाचवीचा मुलगा पाचवीचं पुस्तक वाचताना दुसऱ्या ओळीत अडला. माझी रूपा तेव्हा वही दाखवायला दारात उभी होती. साहेबांनी गमतीने पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने अख्खं पान वाचलं. साहेब म्हणाले, “चिंतामणी सर, पाचवीला दुसरीत बसवा.” सगळे हसले. सर सगळ्यांत शेवटपर्यंत हसत होते.

आता मुद्दा. माझ्या हजेरीवर चोवीस, बाकी दोघांच्या मिळून चाळीस. बेरीज चौसष्ट. मग एकोणसाठ कसे? शिक्षिका होण्याआधी दोन वर्षं मी इथल्याच गोदामात कॉम्प्युटरवर स्टॉक मोजला आहे. पाच खोकी कमी भरली तर ती चालत गेली असं कोणी म्हणत नाही. कोणीतरी उचललेली असतात.

कोणी, ते मी शोधणार आहे. आणि ज्याने माझा वर्ग घालवला, त्याचं त्याला सगळ्यांत प्रिय असेल ते मी घालवणार आहे.

तुझी,
यामिनी


अकलोली,
१८ जुलै २०२५

चि. यामिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. अगं, एवढं आभाळ कोसळल्यासारखं काय? नोकरी गेलेली नाही, शाळा बदलते आहे. माझ्या तेहतीस वर्षांत मी सात शाळा पाहिल्या. प्रत्येक वेळी वाटायचं की इथली मुलं आपल्यावाचून पोरकी होतील. कुठली होतात! दुसऱ्या दिवशी नव्या बाईंच्या पदराला हात पुसतात.

उलट मला तर यात चांगलंच दिसतं. अतिरिक्त झालेल्याला जवळची रिकामी जागा देतात. आपल्या अकलोलीच्या शाळेत मे महिन्यापासून एक जागा रिकामी आहे. तू पंचायत समितीत जा आणि ‘कर्णिक बाईंची भाची’ एवढंच सांग. मग बघ. खोली भाड्याने घेऊन डबा खात राहायची काय गरज? माझं घर आहे, विहीर आहे, वरची खोली तुझ्या डिप्लोमाच्या वेळेपासून तशीच ठेवली आहे. आणि त्या गोदामांच्या रस्त्यावर कंटेनरच्या बाजूने तुझी ती स्कूटी! मला इथे बसून घास गिळवत नाही.

मी अजून रोज अकरा ते एक शाळेत जाते. वाचनात मागे पडलेली नऊ मुलं हेडमास्तरांनी माझ्या ताब्यात दिली आहेत. निवृत्त झाले, हे गेले, तेव्हापासून तेच माझं अन्न म्हण. त्यातली एक कमळ म्हणून आहे, ती ‘क’ पाहिला की स्वतःला टाळ्या वाजवते. तू आलीस तर आपण दोघी एका रस्त्याने जाऊ, एका रस्त्याने येऊ.

चिंतामणीवर राग धरू नकोस. अकरा वर्षं तो माझ्या केंद्रात होता. भित्रा आहे, वाईट नाही. घालवणार बिलवणार ही भाषा तुझ्या बाबांची. त्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

तुझी,
आत्या


राहनाळ,
४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न.

‘कर्णिक बाईंची भाची’ सांगायला तिथे माणूसच नव्हता. एक सभागृह, एक पडदा, एक कॉम्प्युटर चालवणारा. सेवाज्येष्ठतेने नावं पुकारत होते. ज्याचं नाव येईल त्याने पडद्यावरची रिकामी शाळा निवडायची, ती लगेच पुसली जायची. आधी कायम शिक्षक, मग आम्ही सेवक, सगळ्यांत शेवटी. अकलोली चौदाव्या नंबरला गेली. माझा नंबर एकेचाळीस. पडद्यावर चार शाळा उरल्या होत्या. शेजारची एक मुलगी म्हणाली, “शिळी भाजी आहे, त्यातल्या त्यात हिरवी बघून घ्यायची.” मला शहापूर तालुक्याच्या टोकाची शाळा मिळाली. एसटीने अडीच तास, पुढे चालत वीस मिनिटं.

आता पाच मुलांबद्दल. कार्यमुक्त होताना वर्गाचे कागद मुख्याध्यापकांना देऊन जनरल रजिस्टरसमोर सही करावी लागते. एरवी ते रजिस्टर सरांच्या कपाटात असतं. सही करायला पुढे आलं तेव्हा मी मागची पानं उलटली. सत्तावीस सप्टेंबर २०२४ रोजी माझ्या वर्गातली पाच मुलं ‘पालकांच्या विनंतीवरून दाखला दिला’ म्हणून कमी केली आहेत. रूपा त्यात आहे. तीन ऑक्टोबरला पाचही जणांना पुन्हा प्रवेश. सहा दिवस ती कागदावर कुठेच नव्हती.

सर घाईने म्हणाले, “मॅडम, सही फक्त शेवटच्या पानावर.”

मी म्हटलं, “हो, पान शोधतेय.”

आता हे वाच. मला रोज हजेरी झाली की त्या पानाचा फोटो काढायची सवय आहे, गोदामातली. तीस सप्टेंबरच्या फोटोत पाचही मुलं हजर आहेत. त्या दिवशी रूपाने फळ्यावर तारीख लिहिली होती, तीही मागे दिसते.

रूपाच्या आईला भेटले. गुणाबाई, गोदामात पॅकिंगला आहे. म्हणाली, “दाखला? कुठला दाखला? गुरुजी कागद घेऊन आलं. बोललं गणवेशाचा हाय. मी टेकवला अंगठा. पोरगी तर रोज शाळंत जात हुती, इचारा तिलाच.” बाकीच्या चौघांच्या घरीही गणवेशच.

म्हणजे सरांनी मला काढण्यासाठी पाच मुलं सहा दिवस नाहीशी केली. मी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार दिली आहे. माहिती अधिकारात दाखल्याच्या पाच अर्जांच्या प्रती मागितल्या आहेत. सरांचा सगळा रुबाब त्या खुर्चीचा आहे. ती खुर्ची जाईल. मला त्यांना तिच्याशिवाय, वर्गाच्या दारात, उभं असलेलं बघायचं आहे.

यामिनी


अकलोली,
१३ ऑगस्ट २०२५

चि. यामिनीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. शहापूरचं टोक! मला वाटलं होतं, निदान तालुक्यातल्या तालुक्यात तरी ठेवतील. आमच्या वेळी बाबूला सांगितलं की होत असे. हे पडद्याचं मला कोणी सांगितलंच नाही.

चिंतामणीचं काय करायचं ते देव करील. तू तक्रार मागे घे. त्याच्या रीमाचं लग्न ठरतंय. मुलाकडचे शिक्षकच आहेत, चौकशीचं कळलं तर काय होईल? एका मुलीचं नुकसान झालं म्हणून दुसरीचं करायचं का? आणि समज, त्याने केलं त्यामागे काही वाईट हेतू नसेल. माणूस कधी कुणाच्या भल्यासाठीही वाकड्या वाटेने जातो.

तुझ्या बाबांनी कंपनीतल्या साहेबाला धडा शिकवायला नोकरी सोडली. साहेब आहे तिथेच राहिला, आणि तू माझ्याकडे आलीस. मी तुला वाढवलं ते असल्या हट्टाला खतपाणी घालायला नाही.

गणपतीला ये. उकडीचे करते.

आत्या


शहापूर,
२१ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न.

गणपतीला आले नाही. इथून निघून परत यायला दोन दिवस लागतात आणि इथे दोनच शिक्षक आहेत. त्यातले दुसरे, दामू गुरुजी, मतदार याद्यांच्या ड्युटीवर. म्हणजे पहिली ते चौथी अठरा मुलं आणि मी. मुलं चांगली आहेत. मी त्यांना शिकवते. पण मी जीव लावत नाही, कारण इथेही तीस सप्टेंबर येणार आहे आणि इथेही मीच सगळ्यांत नवी आहे. सरकारने नव्या शिक्षकाला एवढं नीट शिकवलं आहे.

राहनाळहून गुणाबाईचा फोन आला होता. माझा वर्ग विनिता बाईंच्या चौथीत जोडला आहे. दोन इयत्ता एका खोलीत. रूपा घरी सांगते, “आमी आता फक्त पाढे म्हनतो.”

‘भल्यासाठी वाकड्या वाटेने’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुझं मन मऊ आहे, सरांचंही भलं तुला दिसतं. मला दिसत नाही. रीमाच्या लग्नाशी माझा संबंध नाही. माझ्या मुलांच्या वाचनाशी त्यांनी तरी कुठे ठेवला?

एक विचारायचं आहे. तू केंद्रप्रमुख होतीस म्हणून. दाखल्यासाठी पालकाचा अर्ज लागतो. पालकाला लिहिता येत नसेल तर तो कोण लिहितं?

यामिनी


अकलोली,
२८ सप्टेंबर २०२५

चि. यामिनीस,
आशीर्वाद.

अर्ज कोणीही लिहितं. शिक्षक, पोस्टमन, शेजारचा शिकलेला मुलगा. आयुष्यभर मी हजारभर तरी लिहिले असतील. पालकाने अंगठा टेकवला की झालं. त्यात काही गुन्हा नसतो, तशी पद्धतच आहे.

त्या प्रती मागवू नकोस गं. काय निघणार आहे त्यातून?

दिवाळीला नक्की ये. मला तुझ्याशी समोरासमोर बोलायचं आहे. पत्रात नाही जमत.

आत्या


शहापूर,
१० ऑक्टोबर २०२५

श्रीमती अनसूया कर्णिक यांस,

प्रती आल्या.

पाच अर्ज, एकाच शाईत, एकाच हाताचे. चिंतामणी सरांचं अक्षर मी सव्वा वर्ष शेरेबुकात पाहिलं आहे; ते उजवीकडे झुकतं आणि रेघ सोडतं. हे अक्षर सरळ उभं आहे. शिरोरेघ शब्द संपल्यावर एका दमात मारलेली आहे आणि शेवटी किंचित खाली उतरते. ‘विनंती’तल्या पहिल्या वेलांटीचा डोंगर पुढच्या अक्षरावर छत्रीसारखा येतो.

मी तुमचं अठ्ठावीस सप्टेंबरचं पत्र अर्जांच्या शेजारी ठेवलं. मग अठरा जुलैचं. मग तेरा ऑगस्टचं. मला खात्री करायची होती, म्हणून प्रत्येकातले दहा शब्द घेऊन ताडून पाहिले. खात्री पहिल्याच शब्दाला झाली होती.

मला अक्षर तुम्हीच शिकवलंत. माझीही शिरोरेघ शेवटी उतरते.

समोरासमोर बोलायची गरज नाही. कुठे बसून लिहिलेत, कोणाच्या सांगण्यावरून आणि का, एवढं लेखी कळवा.

यामिनी टिपणीस


अकलोली,
१५ ऑक्टोबर २०२५

चि. यामिनीस,

तू ‘तुम्ही’ लिहिलंस. मी तरी तूच म्हणणार.

ओसरीवर बसून लिहिले. गेल्या वर्षी सप्टेंबरात चिंतामणी त्याच्या आईला घेऊन गरम पाण्याच्या कुंडावर आला होता, तिचे गुडघे धरलेत. परतताना चहाला थांबला. तुझं गाऱ्हाणं सांगू लागला. म्हणाला, “बाई, तुमची भाची हुशार आहे पण मला दिवसाला एकदा तरी मान खाली घालायला लावते.” मी हसले. मग म्हणाला, “पट जेमतेम आहे. थोडा कमी झाला तर तिलाच जावं लागेल.” तेव्हा मला सुचलं. त्याला नाही, मला. मी म्हटलं, अतिरिक्त झाली तर ती इकडेच येईल. इथले शिंदे गुरुजी मे महिन्यात निवृत्त होणार, हे मला माहीत होतं. तो म्हणाला, “दाखले कसे काढू? पालक अर्ज कुठले देतात?” मी म्हटलं, अर्ज मी लिहिते. पाच पुरेत.

पाच पुरेत, हे मीच मोजलं. चहा निवायच्या आत लिहून झाले.

मुलांचं काहीच जाणार नाही असं वाटलं. सहा दिवसांचा कागद, पोरं वर्गातच. आणि तू वरच्या खोलीत. हे गेल्यापासून मी चार वर्षं एकटी जेवते आहे. ही सबब नाही, तू का विचारलंस म्हणून लिहिलं.

मी आयुष्यभर कागद वाकवून माणसांची कामं केली. कुणाची बदली, कुणाचा प्रवेश. लोक पाया पडायचे. आता कागद वाकत नाही, माणूसच मोडतो, हे मला उशिरा कळलं.

हे पत्र जाळ म्हणत नाही. तुला हवं ते कर.

आत्या


शहापूर,
२९ नोव्हेंबर २०२५

श्रीमती अनसूया कर्णिक यांस,

सुनावणी झाली. वृत्तांत कळवणं मला योग्य वाटतं.

मी जबाबाच्या दोन प्रती नेल्या होत्या. एकीत तुमचं नाव नव्हतं. दुसरीत होतं, आणि सोबत तुमचं पंधरा ऑक्टोबरचं पत्र. कोणती द्यायची ते मी ठरवलेलं नव्हतं. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तसं होतं म्हणून लिहिते.

साहेबांनी सरांना विचारलं, “अर्ज कोणी लिहिले?”

सर पंख्याकडे बघत म्हणाले, “पालकांनीच.”

“पाचही पालकांचं अक्षर एकच? आणि खाली पाचही अंगठे?”

गुणाबाई रजा टाकून आली होती. ती मागून म्हणाली, “साहेब, मला लिवता आलं असतं तर मी गोदामात खोकी चिकटवत बसली असती काय?” शिपाईसुद्धा हसला.

तेव्हा सर म्हणाले, “मीच लिहिले. अक्षर मुद्दाम बदललं.” माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही, घेणारही नव्हते. तिथेच प्रकरण मिटलं असतं. त्यांची खुर्ची गेलीच होती, आणि मी जुलैमध्ये मागितलं होतं ते मला पूर्ण मिळत होतं.

पण ते खोटं बोलत होते, आणि त्या खोट्याने वाचत होतात तुम्ही. उद्या अकरा वाजता तुम्ही नेहमीसारख्या शाळेत गेला असतात. नऊ मुलं ‘बाई’ म्हणून धावली असती. माझ्या चोवीस मुलांना पाढे म्हणायला लावून तुम्ही ‘क’ शिकवला असता. मी पिशवीतून दुसरी प्रत काढली आणि टेबलावर ठेवली. साहेबांनी पत्र वाचलं. मग सरांना म्हणाले, “बसा.” सर रडले. तुमच्यासाठी रडले, असं मला वाटतं.

निकाल काल आला. पट चौसष्ट धरला गेला. तिसरं पद शाळेला परत मिळालं. सरांकडून मुख्याध्यापकपद काढून त्यांची बदली केली आहे. तुमच्याबद्दल तुमच्या शाळेला वेगळं पत्र जाईल.

तिसऱ्या पदावर मी नाही. एकदा दुसऱ्या शाळेत समायोजन झालेल्याला परत बोलवायची तरतूद नाही, असं साहेबांनी सांगितलं. ते पद यादीतल्या पुढच्या ज्येष्ठ शिक्षकाला गेलं. त्यांना निवृत्तीला दीड वर्ष आहे. साहेब बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, तुमच्यासारखी माणसं आम्हाला हवी आहेत.” मी म्हटलं, “तो रकाना कुठे आहे, सर?”

मी जिंकले आणि वर्ग गेला. तरी मी पुन्हा तीच प्रत दिली असती.

यामिनी टिपणीस


अकलोली,
७ डिसेंबर २०२५

चि. यामिनीस,
आशीर्वाद.

काल पत्र आलं. हेडमास्तर वर्गाच्या दारात आले आणि नुसते उभे राहिले. मीच विचारलं, “आत्ता उठू की एक वाजता?” म्हणाले, “बाई, आत्ताच उठलात तर…” मी खडू ठेवला. चौकशी संपेपर्यंत शाळेच्या आवारात यायचं नाही असं आहे, पण माझ्या वयात चौकशा संपत नाहीत.

कमळने विचारलं, “उद्या?” मी म्हटलं, उद्या रविवार.

तू माझं काय घालवायचं ते बरोबर हेरलंस. मी तक्रार करत नाही, तू सुनावणीत जे दिलंस ते खरंच होतं. तू योग्य केलंस असं मी म्हणणार नाही, अयोग्य केलंस असंही नाही. तो हक्क मी ओसरीवर बसून गमावला.

पण हिशेबाची तू पक्की आहेस म्हणून एक विचारते. अतिरिक्तातून इथे आलेले शिक्षक चौथी सांभाळतात, त्यांना वेळ नाही. हेडमास्तर कागदांत. सोमवारपासून या नऊ जणांना वाचायला कोण शिकवणार? तुझ्यासारखीच ती पाच मुलं मीही मोजली होती, आणि चोवीस मोजायची राहिली होती. तू मला मोजलंस. नऊ मोजलेस का?

आत्या


शहापूर,
११ डिसेंबर २०२५

श्रीमती अनसूया कर्णिक यांस,

नाही. मोजले नव्हते.

नऊ मुलांची नावं, इयत्ता आणि कोण नेमकं कुठे अडतं, हे एका कागदावर लिहून हेडमास्तरांकडे ठेवा. ‘मागे आहे’ असं मोघम नको. कोणतं अक्षर येतं, कोणतं नाही, जोडाक्षर कुठे तुटतं, असं लिहा. ते तुम्हाला उत्तम येतं.

मी रविवारी येईन आणि पुढच्या प्रत्येक रविवारी. शनिवारी शाळा सुटली की निघून वज्रेश्वरीला एका मैत्रिणीकडे उतरेन, तुमच्याकडे नाही. रविवारी शाळा बंद असते आणि तिथे मला अधिकार नाही, म्हणून मुलं तुमच्या ओसरीवर बसतील. हेडमास्तरांशी आणि पालकांशी मी बोलले आहे. दहा ते एक.

तेवढा वेळ दार आतून लावून घ्या. मुलांनी हाक मारली तरी बाहेर यायचं नाही. आतून चुका सांगायच्या नाहीत. कमळने टाळ्या वाजवल्या तर तुम्हाला ऐकू येतील, त्याला माझा इलाज नाही.

पाणी मी बरोबर आणेन.

यामिनी टिपणीस